आमटी करपली, एवढंच!

बरी झालीस, जेवायला-खायला लागलीस, जिवात जीव आला. आता मावशीचं चार गोष्टींचं ऐकून ठेव. नैराश्य एकदा येऊन गेलं की निदान निम्म्या जणांना ते पुन्हा गाठतं. जितक्या वेळा आलं, तितकी परतायची भीती जास्त. घाबरवत नाही तुला, पण ते येतं कुठून हे माहीत हवं.

मन जरा खट्टू झालं की आजारपणात लागलेलं विचारांचं वळण पुन्हा जागं होतं. आमटी करपते. मग ‘मला साधी आमटी जमत नाही’, मग ‘मला काहीच जमत नाही’, मग ‘पुढेही असंच होणार’. खट्टू होणं दोन दिवसांत सरतं. ही साखळी मात्र माणसाला खाली ओढते.

म्हणून ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’, ‘काहीच’ हे शब्द मनात आले की थांब. वहीत दोन रकाने कर: काय घडलं, मनात काय आलं. पहिल्यात ‘आमटी करपली’ एवढंच लिही. मग विचार, जावेची करपली असती तर तिला मी काय म्हणाले असते?

विचाराशी हुज्जत घालू नकोस. ‘आला वाटतं तोच’ म्हण आणि श्वासाकडे लक्ष दे. टीसडेल, विल्यम्स आणि सीगल या मानसशास्त्रज्ञांनी यावरच उपचारपद्धत बांधली. नैराश्य तीन किंवा जास्त वेळा आलेल्यांना ती शिकवली, तेव्हा साठ आठवड्यांत ३७ टक्केच पुन्हा आजारी पडले; न शिकवलेल्यांत ६६ टक्के. २००० सालचा अभ्यास आहे.

‘माझंच असं का?’ हे कोडं रात्री अंथरुणात सोडवायला घेऊ नकोस. उत्तर सापडत नाही, झोप तेवढी जाते. ऊठ, भांडी विसळ, कपड्यांच्या घड्या घाल.

तुझ्या खुणा लिहून घरात एकाजवळ दे: अंघोळ टाळणं, फोन न उचलणं, पहाटे तीनला जाग. आपलं आपल्याला उशिरा कळतं. दोन आठवडे असंच राहिलं तर डॉक्टरांकडे जा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि जीव नकोसा वाटला, तर रात्र असो की दिवस, टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ वर फोन लाव. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मग मलाही उठव, कितीही वाजलेले असोत.