‘करून बघणे’ म्हणजे ‘शिते मिरु’

नवी दिल्ली

चि. सोन्या,


तू विसरून गेलेली वही मावशीने रात्री उघडून पाहिली. जपानी क्रियापदांच्या तक्त्यांनी पानंच्या पानं भरलीयत आणि प्रत्येक रूपापुढे अर्थ इंग्रजीत लिहिलाय. मेहनत दिसते. पण घरात दिवसभर मराठी बोलणाऱ्या मुलाने एवढा वळसा का घ्यावा? डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तुझी जपानीची ‘एन-फोर’ पातळीची परीक्षा आहे, म्हणून हे आत्ताच लिहितेय.

गुडगावच्या मुलाने जपानी शिकावं यात नवल नाही. 1983च्या डिसेंबरात तिथल्या कारखान्यातून पहिली मारुती 800 बाहेर पडली. पुढे मानेसर आणि नीमराण्यापर्यंत जपानी कारखाने पसरले. ज्या मेट्रोने तू क्लासला जातोस, तिच्या उभारणीतही जपानी कर्जाचा मोठा वाटा आहे. जेएनयूत, दिल्ली विद्यापीठात जपानी शिकवतात, लाजपत नगरला जपान फाउंडेशन आहे. शिकण्याची सोय दारात आहे, अडतं ते क्रियापदापाशी.

तक्ता पाठ करण्याआधी बाराखडी आठव. ‘काकु’ म्हणजे लिहिणे. लिहीत नाही : काकानाइ. आदराने लिहितो : काकिमासु. मूळ रूप : काकु. लिहिलं तर : काकेबा. चला लिहू या : काकोऽ. का, कि, कु, के, को. शेवटचं अक्षर बाराखडीतून चालत जातं, बस. या गटाला जपानीत ‘गोदान’ म्हणतात, गो म्हणजे पाच आणि दान म्हणजे पायरी. ‘ताबेरु’, खाणे, हे ‘इचिदान’, एका पायरीचं : ‘रु’ काढला की ताबेनाइ, ताबेमासु, ताबेता. नियम सोडून वागणारी मुख्य क्रियापदं दोनच, ‘सुरु’ म्हणजे करणे आणि ‘कुरु’ म्हणजे येणे.

जपानी अक्षरांचा क्रमसुद्धा परका नाही. अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ‘स’ आपल्या ‘च’च्या जागी आहे आणि ‘ह’ ‘प’च्या, कारण तो उच्चार पूर्वी ‘प’च होता. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा आणि सिद्धम् लिपीचा अभ्यास तिकडे गेला, त्यातून ही मांडणी घडली. पहिलीत घोकलेली वर्णमाला तुला इथे पुन्हा भेटते.

आणखी एक सुख. मी गेलो, ती गेली, ते गेले, आम्ही गेलो, या सगळ्यांना जपानीत एकच ‘इत्ता’. लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. भविष्यकाळाला वेगळं रूपही नाही, ‘उद्या जातो’ आपण म्हणतोच की.

आता तुझ्या वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड जिथे आहे, त्या ‘ते’ रूपाकडे ये. ते करायचं कसं हे तुला येतं : काकुचं काइते, नोमुचं नोन्दे, मात्सुचं मात्ते. त्याचा अर्थ मात्र तू इंग्रजीत शोधलास आणि दर वेळी वेगळा शब्द हाती लागला. मराठीत बहुतेक ठिकाणी त्याला एकच प्रत्यय पुरतो : ‘ऊन’. ताबेते म्हणजे खाऊन, शिते म्हणजे करून. पुढे काय होतं ते बघ. ‘मिरु’ म्हणजे बघणे, म्हणून शिते मिरु म्हणजे करून बघणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, म्हणून कात्ते ओकु म्हणजे विकत घेऊन ठेवणे. मोत्ते कुरु : घेऊन येणे. मोत्ते इकु : घेऊन जाणे. ताबेते शिमात्ता : खाऊन टाकलं. आणि वासुरेते शिमात्ता? विसरून बसलो! ‘शिमाउ’त कधी काम संपल्याचा भाव असतो, कधी हळहळ. ‘टाकलं’ आणि ‘बसलो’ यांतला हा फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. वर्गातल्या हिंदी बोलणाऱ्या मित्रालाही सांग, त्याचं ‘करके देखो’ याच जागी बसतं.

मराठी फसवते तिथे मात्र सावध राहा. ‘ते इरु’ म्हणजे नेहमी ‘चाललंय’ असं नाही. ‘ताबेते इरु’ म्हणजे खातोय, खरं. पण ‘केक्कोन शिते इरु’ म्हणजे लग्न चाललंय असं नाही, लग्न झालेलं आहे. ‘शिन्दे इरु’ म्हणजे मरतोय नव्हे, मेलेला आहे. ‘बसला आहे’ हे आपलं रूप मनात धर, ‘सुवात्ते इरु’ तसंच आहे. देण्याचंही तसंच : आपलं ‘देणे’ एक, त्यांची दोन. माझ्याकडून दुसऱ्याला दिलं की ‘आगेरु’, दुसऱ्याने मला दिलं की ‘कुरेरु’. कोणी तुला काही समजावून दिलं आणि तू तिथे ‘आगेरु’ वापरलंस, तर वाक्य उलटं फिरतं.

आणि ‘त्त’मधला एका मात्रेचा थांबा गिळू नकोस. ‘किरु’ म्हणजे कापणे, त्याचं कित्ते. ‘किरु’ म्हणजे अंगात घालणे, त्याचं किते. विजेचं बटण बंद करायलाही जपानीत ‘कापणे’च वापरतात. म्हणजे कारखान्यात ‘कित्ते कुदासाइ’ (कृपया बंद करा) म्हटलं तर यंत्राचं बटण बंद होईल, ‘किते’ म्हटलं तर ऐकणारा कोट शोधू लागेल. अशा वेळी एका ‘त्’वर माणसाची बोटं अवलंबून असतात.

या रविवारी पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात भेटू, तेव्हा वही परत देईन. दोन ‘काएरु’ तयार करून ये : परत जाणे आणि बदलणे. एकाचं काएत्ते, दुसऱ्याचं काएते. प्रत्येकाची पाच वाक्यं, अर्थ मराठीत. येताना आईने करून ठेवलेलं मेतकूटही घेऊन ये, आणि ते वाक्य जपानीत कसं होतं ते मेट्रोत करून बघ.

तुझी,
मावशी