बेरीच्या मळ्यांतून उभें राहिलेलें क्रीडोद्यान

मुलांमाणसांस घेऊन एखादा दिवस मौजेनें घालवावा, ही हौस शहरांतील गृहस्थास जशी असते तशीच खेड्यांतील कुटुंबासही असते. आपल्याकडे ती जत्रेंत भागते. पाळणे, चक्रें, कुस्त्या, खेळणीं व मेवामिठाई यांत घरांतील लहानथोर सर्वांचीच करमणूक होते. जगांतील अनेक देशांत ही जत्रा आतां बारमाही झाली आहे. जुनें गांव, परीकथा, सागरप्रवास अशी एखादी कल्पना धरावयाची, तिला साजेशा इमारती, वाहनें, खेळ व उपाहारगृहें एका कुंपणांत रचावयाचीं आणि दारावर तिकीट घ्यावयाचें, अशी ही पद्धत आहे. असल्या स्थळास 'थीम पार्क' म्हणतात. आपण त्यास क्रीडोद्यान म्हणूं.

हीं स्थळें बहुधा मोठे भांडवलवाले उभारतात, तेव्हां शेतकीच्या मासिकांत त्यांचें काय काम, असें वाचकांस वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियांत, ब्युएना पार्क या गांवीं असें एक क्रीडोद्यान आहे कीं, त्याचा पाया खंडानें जमीन कसणाऱ्या एका शेतकऱ्यानें घातला. त्याचें नांवच 'नॉट्स बेरी फार्म', म्हणजे नॉट यांचा बेरीचा मळा, असें आहे. तो मळा कसा वाढला व पुढें त्याचें काय झालें, हें दोन्ही शेतकऱ्यानें समजून घेण्याजोगें आहे.

रस्त्याकडेची विक्री

वॉल्टर नॉट यांचा जन्म 1889 सालीं कॅलिफोर्नियांतच झाला. 1911 सालीं कॉर्डेलियाबाईंशीं त्यांचा विवाह झाला. पुढें मोहावेच्या वाळवंटांत सरकारी पडीक जमीन घेऊन त्यांनीं संसार मांडला. पण पाण्यावांचून शेती कशी फळास यावी? तो प्रयोग फसला. मग दुसऱ्याच्या जमिनींत भाजीपाला करून त्यांनीं कांहीं वर्षें काढलीं. 1920 सालीं नात्यांतील एका भावाच्या भागींत ब्युएना पार्क येथें 20 एकर जमीन खंडानें घेऊन त्यांनीं बेरीची लागवड केली. बेरी हें काटेरी वेलीला येणारें नाजूक, रसाळ फळ आहे. तोडल्यावर तें फार दिवस टिकत नाहीं, म्हणून दूरच्या बाजारीं धाडलें तर नासधूस फार आणि दलालीही द्यावी लागते.

नॉट यांची जमीन रहदारीच्या हमरस्त्यालगत होती. त्यांनीं रस्त्याकडेला साधें दुकान मांडून मोटारींतून जाणाऱ्या लोकांस ताजीं फळें विकण्यास सुरुवात केली. जीं विकलीं जात नसत, त्यांचा मुरंबा घरींच होई. पुढें त्यांनीं जमीन विकत घेतली आणि 1928 च्या सुमारास पक्कें दुकान, रोपवाटिका व लहानसें चहागृह बांधलें. फळ, रोप आणि मुरंबा अशा तीन रूपांनीं एकाच पिकाचा पैसा होऊं लागला. धंद्याचें पहिलें मर्म हेंच कीं, गिऱ्हाईक बांधापर्यंत आलें आणि माल नासण्यापूर्वीं त्याचें रूप बदललें.

मरूं घातलेल्या वेली

त्याच भागांत रुडॉल्फ बॉयझन नांवाच्या गृहस्थानें ब्लॅकबेरी, रासबेरी व लोगनबेरी यांच्या संकरांतून एक नवी वेल काढली होती. परंतु ती व्यापारी दृष्ट्या फळास न आल्यानें त्यानें तिचा नाद सोडला होता. अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतील जॉर्ज डॅरो हे फळतज्ज्ञ या वेलीचा शोध घेत नॉट यांजकडे आले. दोघांनीं बॉयझन यांस गांठलें व त्यांच्या जुन्या शेतांत जाऊन पाहिलें, तों गवतानें वेढलेल्या कांहीं अशक्त वेली तेवढ्या जिवंत होत्या. नॉट यांनीं त्या आपल्या मळ्यांत आणून निगुतीनें वाढविल्या. फळ मोठें, गडद जांभळें व रसाळ निघालें. 1932 सालीं तें विक्रीस आलें आणि नॉट यांनीं त्यास मूळ जनकाच्या नांवावरून 'बॉयझनबेरी' असें नांव दिलें.

1929 नंतरच्या जागतिक मंदीचे ते दिवस होते. मोठमोठे धंदे बसत असतां या मळ्याचें दुकान चाललें, याचें एक कारण हें कीं, असें फळ शेजारच्या दुकानीं मिळत नव्हतें.

आठ ताटें

1934 सालच्या जून महिन्यांत कॉर्डेलियाबाईंनीं चहागृहांत रात्रीचें जेवण देण्याचें ठरविलें. वेगळीं भांडीं नव्हतीं. लग्नांत मिळालेल्या चिनी मातीच्या ताटांतच त्यांनीं वाढलें. तळलेली कोंबडी, कुसकरलेले बटाटे, भाजी, गरम बिस्किटें आणि शेवटीं बेरी भरून भाजलेली गोड पाई, असा बेत होता. दर ताटीं 65 सेंट, म्हणजे डॉलरच्या दोन-तृतीयांशाहून किंचित् कमी. पहिल्या रात्रीं आठ ताटें खपलीं. पुढें कीर्ति पसरली आणि 1940 च्या सुमारास रविवारीं चार हजारांपर्यंत ताटें उठूं लागलीं. एका गृहिणीच्या स्वयंपाकानें घडविलेला हा पालट होता. घरचीं चारही मुलें लहानपणापासून या कामांत राबत असत, हेंही सांगितलें पाहिजे.

वाट पाहणाऱ्यांची सोय

गर्दी वाढली तशी जेवणासाठीं लोकांस तासन् तास तिष्ठावें लागे. उपाशी पाहुणा कंटाळून परत जातो, ही नॉट यांची अडचण झाली. तींतूनच क्रीडोद्यानाचा उगम झाला. प्रथम त्यांनीं बाग, दगडी रचना, धबधबा, कांचेच्या मागें ठेविलेलें मधमाश्यांचें पोळें व धूर सोडणारा लहानसा कृत्रिम ज्वालामुखी अशा वस्तू मांडल्या. मग 1940 सालीं 'घोस्ट टाउन' म्हणजे ओसाड पडलेलें जुनें खाणगांव उभारावयास आरंभ केला. नॉट यांचे पूर्वज 1868 सालीं बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर टेक्सासहून पश्चिमेकडे आले होते. त्यांची स्मृति रहावी हाही यांत हेतु होता. ओसाड गांवांतील कांहीं जुन्या इमारती उचलून येथें आणिल्या व कांहीं तशाच धर्तीवर नव्या बांधिल्या. लोहाराची भट्टी, शाळा, दुकानें यांमुळें मुलांस मौज वाटे व वडील माणसांस जुन्या दिवसांची आठवण होई. आंत जाण्यास तिकीट नव्हतें. जेवण आणि मुरंबा विकला जाई, तीच कमाई.

1947 सालीं या स्थळास आजचें नांव मिळालें. 1952 सालीं अरुंद मापाच्या रुळांवरील जुनी वाफेची आगगाडी आणून ती मळ्याभोंवतीं फिरविली. तिच्यावर खोटे दरोडेखोर चढतात आणि मुलें भीतभीत हंसतात. 1960 सालीं बड हर्लबट यांनीं डोंगरासारख्या रचनेच्या पोटांतून जाणारी खाणगाडी बांधिली. ती त्यांनीं स्वतःच्या भांडवलावर, मळ्याशीं करार करून बांधिली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मालकानें सर्वच भांडवल आपण घालावें असें नाहीं. या खाणगाडीची रांगही वळणावळणांनीं अशी नेली आहे कीं, पुढें किती माणसें आहेत तें दिसत नाहीं, आणि उभें राहण्याचा त्रास कमी भासतो. 1969 सालीं त्यांनींच लांकडाच्या ओंडक्यासारख्या होड्यांतून पाण्यावरून घसरत येण्याची सोय केली.

शेजारीं मोठा प्रतिस्पर्धी

1955 सालच्या जुलैच्या 17 तारखेस सात-आठ मैलांवर ॲनाहाइम येथें वॉल्ट डिस्ने यांचें 'डिस्नेलँड' उघडलें. सुमारें 160 एकर जमीन त्यासाठीं घेतली होती. ती बहुतेक संत्र्यांच्या बागांची. आतां नॉट यांचा धंदा बुडणार असें पुष्कळांस वाटलें. परंतु झालें उलटें. दुरून येणारें कुटुंब एक दिवस तेथें व एक दिवस येथें घालवूं लागलें आणि मळ्याची गर्दी वाढली. शेजाऱ्याची नक्कल न करतां आपलें जें निराळें होतें, तेंच नॉट यांनीं जपलें. 1966 सालीं त्यांनीं फिलाडेल्फियाच्या स्वातंत्र्य-मंदिराची वीट न् वीट जुळणारी प्रतिकृति उभारली. 1968 सालीं भोंवतीं कुंपण पडलें व प्रथमच प्रवेशासाठीं 25 सेंट घेण्यांत येऊं लागले.

आज तेथें काय पहावयास मिळतें

हें क्रीडोद्यान साठ एकरांच्या आंत असल्यानें लहान मुलें व वृद्ध यांस घेऊन हिंडणें फारसें अवघड नाहीं. लहानांसाठीं 1983 सालीं उघडलेला 'कँप स्नूपी' आहे. त्यांत व्यंगचित्रांतील स्नूपी नांवाच्या कुत्र्याची सोबत व हळू चालणारीं वाहनें मिळतात. आगगाडी व खाणगाडी घरांतील सर्वांस एकत्र बसून पहातां येते. छाती घट्ट असलेल्या तरुणांसाठीं 1998 सालीं बांधलेली 'घोस्टरायडर' ही लांकडी घसरगाडी आहे. तिची उंची 118 फूट. वसंतांत बॉयझनबेरीचा उत्सव भरतो व तेव्हां नाना पदार्थांत तें फळ घालून विकतात. कॉर्डेलियाबाईंचें भोजनगृह दाराबाहेर आहे, तेथें तिकिटावांचून जेवतां येतें. मुलांच्या उंचीप्रमाणें कोणत्या वाहनांत बसूं द्यावयाचें तें ठरलेलें असतें, म्हणून आधीं विचारून घेणें बरें. मुलाचा हिरमोड होत नाहीं.

मळा कोठें गेला?

येथवरची हकीकत भरभराटीची झाली. पण शेतकऱ्यानें पुढचेंही वाचावें. जसजशी गर्दी वाढली तसतशी वेलींची जागा इमारतींनीं, खेळांनीं व मोटारी उभ्या करण्याच्या मैदानांनीं घेतली. भोंवतालच्या संत्र्यांच्या बागाही घरांखालीं गेल्या. कॉर्डेलियाबाई 1974 सालीं व वॉल्टर नॉट 1981 सालीं वारले. मुरंब्याचा धंदा 1995 सालीं विकला गेला आणि 1997 सालीं मुलांनीं क्रीडोद्यान 'सीडर फेअर' या कंपनीस दिलें; ती कंपनी 2024 सालीं 'सिक्स फ्लॅग्ज' मध्यें विलीन झाली. बॉयझनबेरीचें पीक आज न्यूझीलंडांत मोठ्या प्रमाणावर निघतें. जेथें ती जगली त्या जागेवर मळा राहिला आहे तो मुख्यतः पाटीवर.

मुलांनीं चूक केली असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या मालकीचें त्यानें ठरवावें. परंतु पाहुण्यांच्या पैशानें शेत तारतें तसें तें गिळलेंही जातें, ही गोष्ट आरंभींच माहीत असावी.

आपण काय घ्यावें

आपल्या मुलुखांत पाहुणा शेतावर बोलावण्याची चाल नवी नाहीं. थंडींत ज्वारी हुरड्यास आली कीं आप्तेष्ट शेतावर जमतात. गुऱ्हाळावर ताजी काकवी व गरम गूळ खाण्यास कोण नाहीं म्हणतो? आतां शहरांतील कुटुंबें यासाठीं पैसे मोजून येतात. महाराष्ट्र सरकारनें 2020 सालीं कृषी पर्यटनाचें धोरण जाहीर केलें असून पर्यटन संचालनालयाकडे अशा केंद्राची नोंदणी करतां येते. ज्यांस हा जोडधंदा करावयाचा असेल त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्या.

1. आधीं पीक, मग पाहुणा. दुसरीकडे सहज न मिळणारें एखादें फळ, वाण किंवा पदार्थ आपल्या नांवावर असावा. पाळणे कोणासही विकत आणतां येतात, आपल्या शेतची चव आणतां येत नाहीं.

2. आठ ताटांपासून आरंभ करावा. कर्ज काढून खोल्या बांधण्याआधीं एक हंगाम घरच्या भांड्यांवर चालवून पहावें. मागणी दिसल्यावर एकेक सोय वाढवावी.

3. घरांतील बाईचें श्रम हिशेबांत धरावे. स्वयंपाक तिचा असेल तर मिळकतींतही तिचें नांव असावें.

4. मुलांच्या जिवाची काळजी प्रथम. विहिरीस कठडा असावा, शेततळ्यास कुंपण असावें, औषध फवारलेल्या वाफ्यांत पाहुण्यांस जाऊं देऊं नये, मारक्या जनावरास दूर बांधावें.

5. कोणती जमीन कधींही मोडावयाची नाहीं, हें घरांत बसून आजच ठरवावें व लिहून ठेवावें. मोटारी उभ्या करण्यास खडकाळ तुकडा द्यावा, काळी जमीन देऊं नये.

शहराजवळ ज्यांच्या जमिनी आहेत त्यांस हा शेवटचा मुद्दा विशेष लागू आहे. पाहुण्यांची वर्दळ हें उत्पन्नाचें एक साधन आहे. शेत हें घराचें मूळ आहे. साधनानें मूळ पोसावें. नॉट दांपत्यानें मरूं घातलेल्या वेली जगविल्या, हा त्यांचा कित्ता गिरवावा. आणि त्या वेलींखालची जमीन पुढें कशी गेली, तेंही विसरूं नये.