हातातला हुनर : घरच्या घरी काच कापणे

धंतोलीत दवाखाने, वकिलांची कार्यालये आणि शिकवणी वर्ग दाटीने आहेत. पदवीच्या प्रमाणपत्राची फ्रेम, नावाची पाटी, कपाटाची सरकती काच, खिडकीचे फुटलेले तावदान अशी लहान कामे तेथे निघतच असतात. मोठा काचवाला अशा एका तुकड्यासाठी माणूस पाठवायला सहसा राजी नसतो. घरातून फ्रेमचे काम करू इच्छिणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना येथे वाव आहे. पण काच विकत आणून दुसऱ्याकडून कापून घेतली तर नफा तिथेच संपतो. म्हणून कापणे स्वतःला आले पाहिजे.

महाराष्ट्राला काचेचा धंदा नवा नाही. लोकांकडून एकेक पैसा जमवून पैसा फंडाने 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना काढला. ओगले बंधूंच्या कारखान्यातील प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. ते भट्टीचे काम होते. आपल्याला भट्टी नको. एक सपाट टेबल, जुनी सतरंजी, सरळ लाकडी पट्टी, गुण्या, पक्कड आणि कटर एवढे पुरे. जुने कारागीर हिरकणी वापरीत. नवशिक्याने चाकाचे कटर घ्यावे, ते स्वस्त असते व हाताला लवकर बसते.

काच खरे तर कापली जात नाही, ती रेघेवर फुटते. कटरने वरच्या पृष्ठभागावर बारीक चीर पडते आणि वाकवताच ती चीर आरपार जाते. हे समजले की पुढचे नियम आपोआप समजतात.

काच पुसून कोरडी करावी. चाकाला रॉकेलचा किंवा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावावा. कटर उभे धरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारख्या दाबाने एकदाच ओढावे. बारीक ‘चर्र’ असा अखंड आवाज आला तर रेघ बरोबर पडली. पांढरा भुगा उडाला तर दाब जास्त झाला. त्याच रेघेवर पुन्हा कटर फिरवू नये. चाक खराब होते आणि काच वाकडी फुटते. रेघ मारल्यावर काच तशीच ठेवू नये. रेघेखाली काडी ठेवून दोन्ही बाजूंनी लगेच हलका दाब द्यावा. अरुंद पट्टी पकडीने मोडावी. आरसा कापताना रेघ काचेच्या बाजूने मारावी, रंगाच्या नव्हे. नक्षीची काच गुळगुळीत बाजूने कापावी.

टफन काच कधीही कापू नये. ती आधी कापून मग तापवून कडक केलेली असते. कटर लावल्यास तिचे क्षणात बारीक तुकडे होतात. बहुधा तिच्या कोपऱ्यात खूण असते, ती आधी पाहावी.

आता हिशेब. 4 फूट × 3 फूट ताव, म्हणजे 48 × 36 इंच. त्यातून 12 × 10 इंचाच्या फ्रेमच्या काचा काढायच्या आहेत. 48 इंचांच्या बाजूने 12 चे चार भाग घेतले तर 12 काचा मिळतात व 6 इंच रुंद पट्टी उरते. त्याच बाजूने 10 चे चार भाग घेतले तरी काचा 12 च, पण पट्टी उरते 8 × 36 इंचाची. तिच्यातून 8 × 10 च्या तीन व 6 × 8 ची एक काच निघते. काहीच वाया जात नाही. रेघ नेहमी काठापासून काठापर्यंत जाते, म्हणून आधी कागदावर नकाशा काढावा. फ्रेमच्या खाचेपेक्षा काच दोन मिलिमीटर कमी ठेवावी.

बोटे हेच या धंद्याचे भांडवल आहे. डोळ्यांवर चष्मा व पायात बंद जोडे हवेत. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. काचेच्या धारा पाणी लावून दगडावर घासाव्यात, म्हणजे धूळ उडत नाही. जमिनीवरचा चुरा ओल्या कागदाने उचलावा. 4 मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे 10 किलो भरते, म्हणून मोठा ताव दोघांनी उचलावा. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये, ती तडकते.

ग्राहकाची जुनी काच कापायला घेतली तर ती फुटू शकते हे आधीच स्पष्ट सांगावे. साडेतीन मिलिमीटरची काच चारची म्हणून देऊ नये. लहान धंदा एकाने दुसऱ्याला सांगितल्यानेच वाढतो. पहिले पंधरा दिवस टाकाऊ तुकड्यांवर हात बसवावा, त्यानंतरच नवा ताव आणावा.