हिरडीतून रक्त येत नाही म्हणून…

दात दुखू लागला की माणूस दवाखान्याची वाट धरतो. हिरडी सहसा दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. वास्तविक उतारवयात माणसाचे दात पडतात ते पुष्कळदा किडल्यामुळे नव्हे, तर हिरडीचा आणि तिच्याखालच्या हाडाचा आधार सुटल्यामुळे. लोकभाषेत या रोगाला ‘पायरिया’ म्हणतात. या रोगाचा विडी-सिगारेटशी संबंध काय, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत त्यावरचा उपचार अपुरा का पडतो, हे या लेखात मांडावयाचे आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. वैद्यक हा माझा विषय नव्हे. पण घरातील एका दुखण्यामुळे हा विषय वाचावा लागला, दंतवैद्यांना विचारून समजून घ्यावा लागला. जे समजले ते आपल्या वणीच्या मुलांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा खटाटोप.

रोगाच्या दोन पायऱ्या

दातांच्या मुळाशी जंतूंचा एक पातळ, चिकट थर रोज साचत असतो. तो रोज निघाला नाही तर थुंकीतील क्षारांमुळे दगडासारखा घट्ट होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. या जंतूंशी लढण्यासाठी शरीर हिरडीकडे अधिक रक्त पाठविते. हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश लागताच रक्त येते. ही झाली पहिली पायरी. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणे बंद करावयास सांगितले. दोन-तीन आठवड्यांतच सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासणे सुरू करताच थोड्या दिवसांत पूर्ववत झाल्या. तात्पर्य, या पायरीवरून माणूस मागे फिरू शकतो.

दुसरी पायरी मात्र वेगळी आहे. सूज खाली उतरते, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात आणि दात व हिरडी यांच्यामध्ये खोबण तयार होते. निरोगी माणसात ही फट एक ते तीन मिलिमीटर असते. ती चार किंवा त्याहून अधिक झाली की दंतवैद्य सावध होतो. पुढे हाड झिजते, दात हलू लागतो. गेलेले हाड बहुधा परत येत नाही.

सुश्रुताची खूण

आपल्याकडे हा रोग नवा नाही. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांपैकी ‘शीताद’ या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त वाहते आणि त्या मऊ पडून झिजतात, तर ‘दंतवेष्ट’ या रोगात रक्त-पू येऊन दात हलतात. हिरडी घासली गेल्याने सूज येऊन दात हलू लागणे, या रोगाचे नाव तर ‘वैदर्भ’ असे आहे! विदर्भातल्या वाचकाला गंमत वाटावी असे हे नाव. असो. मुद्दा असा की, रक्त ही हिरडीच्या रोगाची खूण त्या काळीही ओळखली गेली होती.

सुश्रुतसंहितेत तंबाखू मात्र नाही, कारण तंबाखू तेव्हा या देशात नव्हतीच. ती अमेरिका खंडातली वनस्पती, पोर्तुगीजांबरोबर आली आणि दख्खनमध्ये आधी रुजली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबराच्या दरबारात सादर केली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. या पाहुण्या वनस्पतीने हिरडीचा रोग वाढविला, हे तर खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रोगाची जुनी खूणच तिने झाकून टाकली.

धूर काय करतो?

धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीत सूज आली तरी एरवी वाढतात तशा बारीक रक्तवाहिन्या वाढत नाहीत. त्यामुळे हिरडी लाल दिसत नाही, फिकट व टणक दिसते आणि रक्तही कमी येते. १९८६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम व प्रेबर यांनी धूम्रपान करणारे व न करणारे अशा दोन्ही गटांना दात न घासता ठेवले. दातांवरचा थर दोन्हीकडे सारखाच साचला, पण धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी आले. जंतू तेवढेच, पण धोक्याची घंटा मुकी.

दुसरे असे की, जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम धुरामुळे बिघडते, आणि जखम भरून काढणाऱ्या पेशी निकोटीनमुळे मंदावतात. म्हणजे चोर घरात शिरला आहे, राखणदार सुस्तावला आहे आणि कुत्राही भुंकत नाही, अशी अवस्था होते. अमेरिकेतील एका राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २००० साली टोमार व अस्मा यांनी दाखविले की, कधीच सिगारेट न ओढणाऱ्याच्या मानाने ओढणाऱ्याला हाडापर्यंत पोचलेला हिरडीचा रोग असण्याची शक्यता सुमारे चौपट असते, आणि सिगारेटींची संख्या वाढेल तशी ती वाढत जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या रोगाच्या जागतिक वर्गीकरणात तर रोज दहा वा अधिक सिगारेटी ओढणाऱ्याचा रोग सर्वांत वेगाने वाढणाऱ्या श्रेणीत धरला जातो.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. विडीत तंबाखू थोडी असते हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा सहज जात नाही आणि विडी सारखी विझते, म्हणून ती जोराने व वरचेवर ओढावी लागते. परिणामी निकोटीन आणि विषारी वायू काही कमी मिळत नाहीत.

खाणीतली तऱ्हा

माझे मामा कोळसा खाणीत कामाला होते. भूमिगत खाणीत ज्वालाग्राही वायूच्या भीतीने विडी, काडेपेटी नेण्यास कायद्याने सक्त मनाई असते. उतरण्यापूर्वी झडती होते. मग पाळीचे आठ तास गालात तंबाखू, आणि वर आल्याबरोबर विडी, असा कित्येकांचा क्रम असतो. मामांचाही तोच होता. आईने दातांचा विषय काढला की ते म्हणत, “लोखंडावानी हाये माह्या हिरड्या. तीस वर्सांत थेंबभर रगत नाही आलं.” त्यांचे खोटे नव्हते. रक्त खरोखरच येत नव्हते. पुढचे दोन दात हलू लागले तेव्हा मी त्यांना घेऊन नागपूरला गेलो. दंतवैद्यांनी बारीक खुणांची सळई हिरडीत घालून मोजले तर काही ठिकाणी खोबण सात मिलिमीटर निघाली. एक्स-रेमध्ये मुळांभोवतीचे हाड अर्धेअधिक गेलेले. मामा गोंधळून म्हणाले, “पण डॉक्टरसाहेब, रक्त?” त्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाले, “तेच तर विडीनं लपवलं.”

उपचार आणि त्याची मर्यादा

उपचाराचा पहिला भाग म्हणजे हिरडीच्या वरचे व खालचे किटण काढणे आणि मुळांचा पृष्ठभाग साफ करणे. काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करतात. खोबण राहिली तर शस्त्रक्रिया करून आतली सफाई करतात. यानंतर दर तीन-चार महिन्यांनी तपासणी करून घ्यावी लागते. किटण काढल्याने दात हलतात, हा गैरसमज सर्वत्र आहे. दात आधीच सुटलेला असतो, किटणाने तो नुसता धरून ठेवलेला असतो.

हाच उपचार, त्याच हातांनी, त्याच हत्यारांनी केला तरी धूम्रपान करणाऱ्याला त्याचा लाभ कमी होतो. निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २००५ साली असे दिसले की, पाच मिलिमीटर वा त्याहून खोल खोबणी सफाईनंतर जितक्या भरतात, त्याहून धूम्रपान करणाऱ्यांत सरासरी ०.४ मिलिमीटरने कमी भरतात. आकडा लहान वाटेल, पण जिथे सगळा हिशेबच एक-दोन मिलिमीटरांचा, तिथे तो लहान नाही. शस्त्रक्रियेचेही तेच. हाडात बसविलेले कृत्रिम दातही अशा माणसांत अधिक वेळा निकामी होतात. म्हणून विडी सोडणे हा उपचारानंतरचा उपदेश नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

सोडल्यावर येणारे रक्त

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धूम्रपान सोडल्यावर काही आठवड्यांत हिरडीतला रक्तपुरवठा सुधारतो, आणि आजवर दबलेली खूण वर येते. लंडनमधील एका अभ्यासात (२००३) सत्तावीस माणसांनी धूम्रपान सोडल्यावर चार ते सहा आठवड्यांत सळईच्या स्पर्शाने रक्त येणाऱ्या जागा शेकडा १६ वरून ३२ वर गेल्या. मामांच्या बाबतीत हेच झाले. तिसऱ्या आठवड्यात ब्रशवर रक्त दिसले आणि ते म्हणाले, “पाय, विडी सोडली अन् रोग लागला.” डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते, म्हणून निभावले. अन्यथा त्या एका थेंबाच्या भीतीने त्यांनी पुन्हा विडी पेटविली असती. ज्यांच्या घरी कोणी विडी सोडत आहे त्यांनी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ते रक्त नव्या रोगाचे नव्हे. जुना रोग आता दिसू लागला, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी घासणे थांबवू नये, दंतवैद्याकडे जावे.

सोडल्याचा लाभ होतो काय? होतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हिरडीचा उपचार चालू असता ज्यांनी सलग वर्षभर सिगारेट सोडली, त्यांच्या खोबणी इतरांपेक्षा अधिक भरल्या. अर्थात, सुरुवात केलेल्या ४९ जणांपैकी असे टिकले ते सुमारे एक-पंचमांशच. सोडणे सोपे नाही, हेही त्यातून दिसते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन पाहणीत, सोडून अकरा वर्षे उलटलेल्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळ आला होता. गेलेले हाड आले नाही, पण राहिलेले टिकले.

खर्रा आणि आपण

मित्रहो, यावर कोणी म्हणेल, “आम्ही कुठे विडी ओढतो?” खरे आहे. राष्ट्रीय पाहणीनुसार (२०१६-१७) महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा ३.८ होते, पण तोंडात तंबाखू धरणारे शेकडा २४.४. आपल्या भागात पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, हे याचे घरगुती नाव. तो जिथे धरला जातो तिथली हिरडी खाली सरकते व मूळ उघडे पडते. शिवाय सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. तोंडच उघडत नाही त्याच्या मागच्या दातांपर्यंत दंतवैद्याचे हत्यार पोचणार कसे? कर्करोगाचा धोका तो निराळाच.

२००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे, आणि गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. परंतु कायदा ठेल्यापर्यंत पोचतो, खिशापर्यंत नाही. तेव्हा एवढे तरी करावे : वर्षातून एकदा हिरड्या सळईने मोजून घ्याव्यात, दंतवैद्याने विचारले तर विड्यांचा आणि खर्ऱ्याचा खरा आकडा सांगावा, आणि सोडावयाची इच्छा असल्यास १८००-११-२३५६ या शासनाच्या विनामूल्य दूरध्वनीवर मदत मागावी. ओढणाऱ्याने किंवा खाणाऱ्याने “मला रक्त येत नाही” याला प्रकृतीचे प्रमाणपत्र मात्र कधी समजू नये.