वळवाचा वारा आधी का येतो?

सोलापूरकरांना एप्रिल-मे महिन्यांतला हा अनुभव नवा नाही. पारा ४० अंशांच्या वर गेलेला असतो; झाडाचे पानही हलत नाही. चारच्या सुमारास क्षितिजावर काळा ढग चढतो. मग एकाएकी गार वारा सुटतो. धुळीने आभाळ भरते, पत्रे उडतात, फांद्या मोडतात. पाऊस मात्र कधी चार टपोरे थेंब, कधी तेवढाही नाही! मग एवढा वारा आला कोठून?

आधी ढग पाहू. रब्बी ज्वारी निघाल्यावर उघडी पडलेली काळी राने उन्हात तापतात. जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. या दिवसांत वायव्येकडील कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरील दमट हवा यांची गाठ विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकामार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या पट्ट्यात पडते. हा पट्टा जवळ असला, की गर्जन्मेघांना लागणारी वाफ सोलापूरला मिळते.

ढगाचा तळ किती उंचीवर असेल? हवेचे तापमान व दवबिंदू यांतील फरकाला १२५ ने गुणा. उंची मीटरमध्ये मिळते. समजा, दुपारी तापमान ४१° से. आणि दवबिंदू १७° से. आहे. फरक २४, म्हणून तळ सुमारे ३००० मीटरवर! कोकणात जुलैमध्ये २९° व २५° असतील, तर तळ अवघ्या ५०० मीटरवर येतो.

वाऱ्याचे रहस्य या ३००० मीटरांत आहे. थेंबांना एवढ्या कोरड्या हवेतून खाली यावे लागते. वाटेतच बरेचसे पाणी वाफ होऊन जाते व त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. एक किलोग्रॅम हवेत एक ग्रॅम पाणी वाफ झाले, तर ती हवा सुमारे २.५° से.ने थंड होते. माठातले पाणी गार होते तसेच हे! दोन ग्रॅम वाफ झाले, तर हवा ५° से.ने थंड, म्हणून भोवतालच्या हवेपेक्षा जड होते आणि खाली कोसळते. तिचे त्वरण ९.८ × ५ ÷ ३१०, म्हणजे सुमारे ०.१६ मीटर प्रति सेकंद वर्ग. २००० मीटर खाली येईपर्यंत वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर होईल. भोवतालची हवा मिसळत असल्याने प्रत्यक्षात तो बहुधा कमी असतो. जमिनीवर आपटलेली ही हवा चहूबाजूंना पसरते आणि पावसाच्या पुढे धावते. पाऊस वाटेत आटतो, म्हणूनच वारा जोरात येतो!

तेव्हा गार झुळूक आली म्हणून झाडाखाली उभे राहू नका. वीज ढगापासून काही किलोमीटर दूरही पडते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा व ३ ने भागा. अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. उत्तर १० पेक्षा कमी आले, तर पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील अॅप आसपासच्या विजांची सूचना देते. घरातील शेतकऱ्यांना ते दाखवा.

प्रयोग : शाळेच्या व्हरांड्यात दोन तापमापक टांगा. एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा. पाण्याच्या बाष्पीभवनाने तो किती अंश खाली उतरतो, याची रोज दुपारी नोंद करा. वळीव आलाच, तर वाऱ्यानंतर किती मिनिटांनी पहिला थेंब पडला आणि कोरडा तापमापक किती उतरला, तेही लिहा. ज्या दिवशी दुपारी दोन्ही तापमापकांतील फरक मोठा असेल व आकाशात गर्जन्मेघ असेल, त्या दिवशी पावसापेक्षा वाऱ्याची काळजी अधिक घ्यावी. असे का, ते आता तुम्हीच सांगू शकाल.