सहाशे पंचाहत्तर पट

२००३ सालच्या ऑगस्ट महिन्यात मंगळ पृथ्वीपासून अवघ्या ५ कोटी ५८ लाख किलोमीटरांवर येणार आणि इतका निकट तो सुमारे साठ हजार वर्षांत आलेला नाही, असे वर्तमानपत्रांतून वाचले, तेव्हा महसूल खात्यात एकतीस वर्षे चाकरी करून नुकताच निवृत्त झालेल्या माझ्या मनात, दफ्तराच्या ओझ्याखाली बालपणापासून दबून राहिलेली दुर्बिणीची इच्छा अशी काही उसळली की, निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून काही हजार बाजूला काढून मी ती त्याच महिन्यात पुरी केली. दुर्बीण परावर्ती जातीची होती. मुख्य आरशाचा व्यास ११४ मिलिमीटर आणि नाभीय अंतर ९०० मिलिमीटर. तिच्यासोबत २५, १० व ४ मिलिमीटरांच्या, डोळा लावायच्या तीन नेत्रिका, विशालन तिप्पट करणारे एक बार्लो भिंग आणि एक काळी काच असा सरंजाम होता, आणि खोक्यावर शनीच्या रंगीत चित्राखाली ठळक अक्षरांत छापले होते : ६७५ पट. लोकांच्या अर्जांतील प्रत्येक आकडा सातबाराशी ताडून पाहिल्याखेरीज मी कधी शेरा मारला नव्हता. हा आकडा मात्र मी कशाशीच ताडून पाहिला नाही, आणि त्या एका गफलतीची जी किंमत पडली, ती पैशांत मोजण्याजोगी नव्हती, म्हणूनच ही हकीकत सविस्तर लिहीत आहे.

मंगळ श्रावण-भाद्रपदाच्या ढगांनी बहुतेक गिळला. पुढे थंडी पडली, आकाश धुतल्यासारखे निवळले, आणि मिथुन राशीतला शनी संध्याकाळी पूर्वेला वर येऊ लागला; ३१ डिसेंबरला तो सूर्याच्या बरोबर समोर येणार होता आणि त्याची कडीही त्या वर्षी पृथ्वीकडे चांगली कललेली होती. माझी आई तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. कृत्तिका डोक्यावरून किती ढळल्या यावरून रात्रीचा प्रहर सांगणाऱ्या घरात ती वाढलेली. मृग, व्याध, सप्तर्षींतले वसिष्ठ आणि त्यांच्या शेजारची अरुंधती ही सारी तिच्या नित्याच्या ओळखीची. ज्या शनीची तिने जन्मभर धास्ती बाळगली आणि ज्याच्या नावाने दर शनिवारी मारुतीला तेल वाहिले, तो तिला प्रत्यक्ष दाखवावा, या हौसेने मी एका रात्री तिला शाल पांघरून परसात आडाजवळ नेले आणि, दाखवायचे तर पूर्ण सामर्थ्याने दाखवावे, अशा समजुतीने ४ मिलिमीटरांच्या नेत्रिकेखाली तिप्पट बार्लो बसवले.

त्या नेत्रिकेचे भिंग मोहरीच्या दाण्याएवढे होते. त्यातून पाहायचे तर डोळ्याच्या पापण्या काचेला टेकाव्या लागत. चष्मा लावून ते शक्यच नव्हते, म्हणून मी आईला चष्मा काढायला लावला. तिचा श्वास लागून काच धुरकटली. ती पुसून पुन्हा शनी सापडवावा, तोवर पृथ्वीच्या फिरण्याने तो पंधरा सेकंदांच्या आत दृष्टिक्षेत्रातून निसटून जाई, आणि सापडला तरी पाण्याखाली पडलेल्या नाण्यासारखा डळमळणारा एक फिकट, पिवळट डाग एवढेच त्याचे रूप असे. चार-पाच वेळा असे झाल्यावर आई म्हणाली, “दिसलं रे, दिसलं,” आणि भिंतीचा आधार घेत आत निघून गेली. तिला काहीही दिसलेले नव्हते, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

आमच्या आळीत एक निवृत्त विज्ञानशिक्षक राहत. त्यांना मी दुर्बीण दाखवली, तेव्हा त्यांनी नळीकडे ढुंकूनही न पाहता नेत्रिकांचा डबा हाती घेतला आणि विचारले, “भाऊसाहेब, नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागून पाहिलंत का कधी?” मी पाहिले नव्हते. त्यांनी माझ्याच टिपणवहीत मांडून दिले : ९०० भागिले २५, म्हणजे ३६ पट, भागिले १०, म्हणजे ९० पट, भागिले ४, म्हणजे २२५ पट, आणि तिप्पट बार्लोने त्याचे ६७५. गणित बिनचूक होते, पण त्या गणिताला आरशाची संमती नव्हती. दुर्बिणीच्या आरशाचा व्यास मिलिमीटरांत जितका, त्याच्या दुपटीपर्यंत विशालन उपयोगी पडते, तेही हवा अत्यंत स्थिर असेल अशा विरळा रात्री. ११४ च्या आरशाला ही कमाल मर्यादा २२८ पटींची, आणि एरवीच्या रात्री १५० च्या पुढे न गेलेले बरे. प्रकाश हा तरंगरूप असल्याने आरसा जेवढा रुंद, तेवढाच बारीक तपशील तो वेगळा करून दाखवू शकतो. त्यापलीकडे विशालन वाढवले तर तपशील वाढत नाही, आहे तीच प्रतिमा पातळ केलेल्या ताकासारखी पसरत आणि फिकी होत जाते.

मग दुर्बिणीचे खरे सामर्थ्य कशात? अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. ११४ मिलिमीटरांचा आरसा तिच्या सुमारे २६५ पट प्रकाश गोळा करतो. खोक्यावर अभिमानाने छापावा असा आकडा हा होता. गोळा झालेला हा प्रकाश डोळ्याच्या स्वाधीन करण्याचे काम नेत्रिकेचे, आणि ते काम जी नेत्रिका नीट करीत नाही, ती चांगल्या आरशाचीही कमाई मातीत घालते, ही गोष्ट घेणाऱ्याच्या ध्यानात बहुधा येत नाही, कारण नळी डोळ्यांत भरते आणि नेत्रिका खिशात मावते.

माझ्या तिन्ही नेत्रिका हायगेन्सच्या पद्धतीच्या निघाल्या. क्रिस्तियान हायगेन्स हा सतराव्या शतकातला थोर डच शास्त्रज्ञ. १६५५ साली शनीचा टायटन हा उपग्रह त्यानेच शोधला, आणि शनीभोवती दिसणारे ते विचित्र कान वस्तुतः एक पातळ, चपटे कडे असून ते ग्रहाला कोठेही टेकलेले नाही, हे १६५९ मध्ये ग्रंथरूपाने त्यानेच मांडले. त्याची दोन सुट्या भिंगांची नेत्रिका त्या काळच्या लांबच लांब दुर्बिणींना शोभून दिसे. आजच्या आखूड नळ्यांत ती कडेच्या तारका फराटल्यासारख्या दाखवते आणि दृष्टिक्षेत्रही अरुंद देते. व्हिएन्नाच्या प्लोसलने १८६० साली काढलेली चार भिंगांची, दोन जोड्यांची नेत्रिका आज माफक दरात मिळते आणि घरगुती निरीक्षकाची बहुतेक गरज भागवते.

ती घेतानाही मी एक चूक केली, ती इतरांनी करू नये. दुप्पट करणारे चांगले बार्लो मी घेतले आणि त्याबरोबर २५ व १२ मिलिमीटरांच्या नेत्रिका घेतल्या. पण बार्लो लावताच २५ ची साडेबारा होते, म्हणजे बाराचा खर्च फाजील ठरला. शेवटी तजवीज बसली ती ३२ आणि १० यांची : बार्लोविना २८ व ९० पट, बार्लोसह ५६ व १८० पट, आणि चारांपैकी एकही दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. २८ पटीत कृत्तिकांचा अख्खा पुंजका जवळजवळ एका दृष्टिक्षेपात मावतो, मृगातला तेजोमेघ पंख पसरल्यासारखा दिसतो. चंद्रावरची विवरे आणि गुरूचे पट्टे ९० ला. १८० ची पाळी महिनोन्महिने येत नाही. प्रत्येक वेळी सर्वांत कमी विशालनाने आरंभ करावा, वस्तू मध्यावर आणावी आणि मगच चढावे, हा क्रम मी आजतागायत मोडलेला नाही.

चष्मा असलेल्यांनी विशालनाच्याही आधी आणखी एक गोष्ट विचारावी : डोळा भिंगापासून किती दूर ठेवून अख्खे दृष्टिक्षेत्र दिसते? प्लोसल जातीत हे अंतर नेत्रिकेच्या नाभीय अंतराबरोबर घटत जाते. ४ मिलिमीटरांच्या नेत्रिकेत ते जेमतेम ३ मिलिमीटर उरते, ३२ च्या नेत्रिकेत सुमारे २० असते, आणि चष्म्याला साधारण १५ ते २० लागते. घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांच्या डोळ्यांचा हिशेब आपल्या डोळ्यांआधी करावा.

नेत्रिका उपरण्याच्या टोकाने पुसू नये. धुळीचा एक कण भिंगावरचा लेप कायमचा ओरखडून जातो, आधी फुंकणीने धूळ उडवावी. आणि पावसाळ्यात त्यांना कपाटात उघड्या ठेवू नये. माझ्या २५ च्या नेत्रिकेत एका चातुर्मासात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली, ती निघाली नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवले, आणि दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर वाळवून परत घातले, म्हणजे निभते.

त्या काळ्या काचेविषयी मात्र हात जोडून सांगतो. ती नेत्रिकेत बसवून सूर्याकडे पाहावे असे सोबतच्या पत्रकात लिहिले होते, आणि ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण असल्याने मी ती मे महिन्यात, डोळा न लावता, नुसती बसवून नळी सूर्याकडे रोखून पाहिली. थोड्याच मिनिटांत तडकन आवाज होऊन तिचे दोन तुकडे झाले. त्या क्षणी तेथे कोणाचा डोळा असता, तर आरशाने एकवटलेला सूर्य थेट पडद्यावर पडला असता, आणि डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नसल्याने भाजल्याचे समजलेही नसते. अशी काच खोक्यात निघाली तर ती फोडून पुरून टाकावी. सूर्य पाहायचा तर नळीच्या तोंडावर बसणारी खास सौर गाळणीच वापरावी. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशनिरीक्षणाचे काम करीत आहे. अशा ठिकाणी जाऊन दोन-चार दुर्बिणींतून आधी पाहावे, मग पैसे मोजावेत.

नव्या नेत्रिका हाती आल्या त्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात. शनी संध्याकाळीच डोक्यावर येत होता. फरसबंदी दिवसाची ऊब रात्री सोडते आणि प्रतिमा हलते, म्हणून या खेपेस दुर्बीण आळूच्या वाफ्यापलीकडे मातीवर मांडली, अर्धा तास तिला थंड होऊ दिले, घरातले दिवे मालवले, आणि ३२ ची नेत्रिका बार्लोसह लावली. आईला चष्मा काढायला सांगितला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून ती उभी राहिली आणि वाकून पाहू लागली. ‘दिसलं’ हा शब्द तिच्या तोंडून आला नाही. ती काहीच बोलली नाही. मिनिट गेले, दुसरे गेले. मग डोळा न काढताच ती हलक्या आवाजात म्हणाली, “अरे, कडं त्याला टेकलेलं नाही. मधी काळोख आहे, मोकळा.”

मी होय म्हणालो.

“सरकतोय बघ कडेला. धर त्याला.”

मी बारीक गतीची कळ फिरवून शनी पुन्हा मध्यावर आणला.