जुनी सीडी नव्या लॅपटॉपात टाकण्याआधी

जुना गेम नव्या लॅपटॉपवर चालला नाही की दुकानात बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: अँटिव्हायरस बंद करा, क्रॅक टाका, नाहीच जमलं तर फॉरमॅट मारा. हा सल्ला मानू नका. माझ्या मावसभावाच्या घरी त्यापायी गावाचा वर्षभराचा हिशेब जायची वेळ आली होती.

तो धानोरा तालुक्यात राहतो. घरात लॅपटॉप एकच. ग्रामसभेचा तेंदूपत्त्याचा आणि बांबूचा हिशेब त्यातच, मुलीच्या शिष्यवृत्तीचे अर्जही त्यावरूनच भरायचे. कपाट आवरताना त्याला ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ची सीडी सापडली. हा गेम 1999चा. चंद्रपुरात आम्ही तो नेट कॅफेत खेळायचो. मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की दुपारी मैदानावर कुणी उतरत नाही. आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्या खेळात गेल्या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर अशा वेशी असलेल्या गावातल्या पोरांना गेममध्ये तट आणि दरवाजे बांधणं फार जवळचं वाटायचं. मुलीला तेच दाखवावं, एवढीच त्याची इच्छा होती.

गेम इन्स्टॉल झाला, पण सुरू होईना. त्याने लॅपटॉप एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, कारण जुना ड्रायव्हर घुसवायला ते आड येत होतं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला तर समोर निळा पडदा आणि 48 अंकी रिकव्हरी की मागणारी चौकट. ती की कुणाकडेच नव्हती. मला फोन आला: “दादा, लॅपटॉप उघडूनच नाही राहिला. दुकानवाला म्हणते फॉरमॅट मारा लागते. हिशेब सारा त्यातच आहे ना!”

मी त्याला आधी कशालाही हात लावू नको म्हटलं. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क आपोआपच बिटलॉकरने कुलूपबंद होते. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की विंडोजला कुणीतरी छेडछाड केल्याचा संशय येतो आणि ते किल्ली मागतं. अशा वेळी बदललेली सेटिंग आधी होती तशी करून पाहावी. दुकानदाराला फोनवरूनच सिक्युअर बूट पुन्हा चालू करायला लावलं आणि लॅपटॉप नेहमीसारखा उघडला. फॉरमॅट मारलं असतं तर हिशेब कायमचा गेला असता.

म्हणून गेमची सीडी हातात घेण्याआधी दोन कामं करा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉप घेतेवेळी ते खातं दुकानदारानेच उघडून दिलं असेल, तर आधी त्याचा पासवर्ड आपल्या ताब्यात घ्या. आणि महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

मग गेम नेमका कुठे अडतो ते पाहा. सेटअपच उघडत नसेल तर कारण बहुधा साधं असतं. 1990च्या दशकातल्या कित्येक गेमचा सेटअप 16 बिटचा असे, आणि 64 बिट विंडोज असे प्रोग्राम चालवतच नाही. विंडोज 11 तर 32 बिटमध्ये आलेलंच नाही. तिथे कंपॅटिबिलिटी मोड बदलत बसण्यात अर्थ नाही. डॉसच्या काळातला गेम असेल तर डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्राम घ्या, तो त्याच कामासाठी बनलेला आहे.

सेटअप होतो, पण आयकॉन दाबल्यावर काहीच घडत नाही किंवा सीडी आत असूनही सीडी मागितली जाते, तर संशय सीडीच्या कॉपी-प्रोटेक्शनवर घ्यावा. आमची गाडी इथेच अडली होती. त्या काळी सेफडिस्क नावाची पद्धत फार चालायची. ती विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर बसवून अस्सल सीडी ओळखत असे. 2007 मध्ये त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भगदाड सापडलं आणि मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. पुढे 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा त्यात हा ड्रायव्हर ठेवलाच नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने जुन्या विंडोजमध्येही तो बंद झाला. म्हणजे ही सोय विचारपूर्वक काढलेली आहे. ती परत बसवण्यासाठी सिक्युअर बूट आणि ड्रायव्हरची सही तपासणारी व्यवस्था बंद करावी लागते. दुकानातून परत आलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली ‘टेस्ट मोड’ अशी अक्षरं दिसली, तर ती व्यवस्था बंद आहे असं समजा आणि लगेच चालू करून घ्या. ज्या यंत्रावर बँकेचा आणि ग्रामसभेचा व्यवहार चालतो, त्यावर हा खेळ मुळीच नको. नो-सीडी क्रॅकही नको. अशा फाइलसोबत व्हायरस येणं नेहमीचं आहे.

अशा सीडीची साधी आयएसओ प्रतही उपयोगाची नसते, कारण सेफडिस्क सीडीवर मुद्दाम ठेवलेल्या चुकाच तपासतं. प्रोटेक्शन नसलेल्या सीडीची मात्र आयएसओ जरूर करून ठेवा. विंडोज 8 पासून ती नुसत्या डबल क्लिकने उघडते, आणि मूळ सीडीवर ओरखडे पडत नाहीत.

गेम सुरू होतो पण गवत लाल आणि पाणी जांभळं दिसतं? हा 256 रंगांच्या जुन्या पद्धतीचा आणि नव्या विंडोजचा झगडा आहे. ‘सीएनसी-डीड्रॉ’ हा छोटा मोफत प्रोग्राम गेमच्या फोल्डरमध्ये ठेवला की बहुधा भागतं. थ्रीडी गेमसाठी तेच काम ‘डीजीव्हूडू 2’ करतं. डायरेक्टप्ले मागणारी चौकट आली तर घाबरू नका. कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्समध्ये ‘लेगसी कंपोनंट्स’खाली त्यावर खूण करायची. नेटवर्क चांगलं असताना हे उरकून घ्यावं. आणि जुना गेम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका, सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा. नाहीतर सेव्ह केलेले डाव विंडोज परस्पर ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात हलवतं आणि मुलं डाव हरवला म्हणून रडतात.

मावसभावाला मी शेवटी नवी आवृत्ती विकत घ्यायला लावली. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ 2019 मध्ये आली आणि 2022 मध्ये तिला ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ची जोड मिळाली. आमच्या गोंड राजांचं राज्य त्यात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या आवृत्तीचं डाउनलोड कित्येक जीबींचं, आणि आमच्याकडच्या आतल्या गावांमध्ये ते पुरं होणं कठीण. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तिथे नेटवर्कची काय कथा! यावर उपाय आहे. चंद्रपूर किंवा गडचिरोलीत गेम उतरवून घ्या, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या बॅकअपच्या सोयीने बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा आणि घरी नेऊन बसवा. गेम एकदा नेटवर उघडला की पुढे ऑफलाइन मोडमध्ये खेळता येतो. जीओजी हे संकेतस्थळ 2008 पासून जुने गेम दुरुस्त करून विकतं आणि त्यांचा सेटअप पेनड्राइव्हवर ठेवता येतो. आमच्या वेळचा ‘प्रोजेक्ट आयजीआय’ तिथे मिळतो. मात्र विकत घेण्याआधी आपला लॅपटॉप त्या गेमला पुरेल का, हे तपासा.

ज्यांना प्रोटेक्शन असलेली जुनी सीडीच चालवायची आहे, त्यांच्यासाठी विंडोज एक्सपीचा जुना संगणक हाच खरा मार्ग. एक्सपीचे सुरक्षा अपडेट 8 एप्रिल 2014 पासून बंद आहेत, म्हणून त्याला इंटरनेट जोडू नका, आणि त्यात लावलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय कामाच्या लॅपटॉपला लावू नका. असा संगणक अजून कित्येकांच्या घरी धूळ खात पडलेला असेल. चालू असेल तर तो भंगारात देऊ नका. तुम्हाला नको असेल तर ज्याच्याकडे जुन्या सीडी आहेत त्याला द्या.